कमानीत अडलेली घोडी

रोवेनाने म्होरकीची दोरी सैल सोडली, घोडीच्या मानेवर तळवा ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "चल." ओपल चालली. तिच्या खुरांखाली खडी करकरली. पागेच्या विटांच्या कमानीपासून दोन हातांवर ती आली आणि थांबली. पुढचे दोन्ही पाय रोवून, मान पुढे काढून, नाकपुड्या आधी फुलवून आणि मग घट्ट आवळून ती उभी राहिली. जवळजवळ एक टनाची घोडी. तिला ओढून आत न्यायचं, तर तिच्याएवढंच दुसरं कुणीतरी लागलं असतं.

"बघितलंत?" रोवेना म्हणाली. "भांडत नाही, दोरी ताणत नाही. नुसती नाही म्हणते."

"सभ्य आहे," बाकावरून एव्हिस केरिज म्हणाली. "माझ्या पोस्टाच्या खिडकीवर यायची काही माणसं, त्यांच्यापेक्षा बरी."

रोवेना हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. आज बुधवार होता. शुक्रवारी पार्कचे विश्वस्त पागा बघायला येणार होते.

एव्हिसला ऐंशीला एक वर्ष कमी होतं. वेंडलम पार्कच्या फाटकालगतच्या घरात ती जन्मली आणि लग्नानंतरची वीस वर्षं सोडली, तर तिथेच राहिली. चालायला घेतलेला चाकांचा आधार ढकलत ती गेले तीन दिवस सकाळी दहाला पागेपाशी येत होती. तिच्या शेजारी पर्सी नॉय बसायचा. पंच्याऐंशी वर्षांचा, टोपी गुडघ्यावर. याच पार्कवर त्याने चव्वेचाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवला होता आणि ते तो कुणाला विसरू देत नसे.

"माझा ट्रॅक्टर कधी कमानीत अडला नाही," पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता.

"तुझा ट्रॅक्टर कमानीवर आपटला होता," एव्हिस म्हणाली होती. "एकोणीसशे एकसष्ट. ती वरची वीट अजून तिरकी आहे."

ट्रॅक्टरचंच निमित्त होऊन घोडे परत येत होते. पार्कातले ओक चारशे वर्षांचे. गेल्या काही उन्हाळ्यांत त्यांचे शेंडे वाळू लागले. कुणी कुणी येऊन माती तपासली आणि सांगितलं की इतकी वर्षं जड चाकं फिरून जमीन मुळांवर दगडासारखी बसली आहे. पडलेली झाडं ओढायला, नेच्यांचं रान रूळ ओढून मोडायला घोडे आणा. चाक दाबत जातं. खूर दाबतो आणि उचलतो. मग नॉरफोकहून रोवेना आली, आपले दोन सफोक घोडे घेऊन: सहा वर्षांची ओपल आणि तिच्याहून वर्षाने मोठा ब्रॅग. दोघेही या जातीच्या सगळ्या घोड्यांसारखे तांब्याच्या रंगाचे, आखूड पायांचे, पिंपाएवढ्या पोटाचे. महिनाभर काम करून दाखवायचं ठरलं होतं. अट एकच होती: घोडे जुन्या पागेतच राहिले पाहिजेत. सध्या ते चर्चमागच्या कुरणात होते, आणि शनिवारपासून ते कुरण मेंढ्यांचं. पागा नाही, तर घोडे नाहीत. रोवेनाने नॉरफोकमधली आपली जागा सोडून दिली होती. परत जायचं म्हटलं तरी कुठे, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पण एव्हिसने पोस्टात चाळीस वर्षं लोकांचे चेहरे वाचले होते.

घोडी का अडते, यावर प्रत्येकाचं मत होतं. पार्कचे व्यवस्थापक पेटिफर म्हणाले, गटाराच्या जाळीला घाबरते. त्यांनी जाळीवर पोती टाकली. डॉक्टर म्हणाले, आत अंधार आहे. मग आत तीन दिवे लागले. माळी म्हणाला, नवा रंग. चर्चच्या पाद्रीणबाईंनी डोळे मोठे करून सांगितलं की जनावरांना आपल्याला न दिसणारं दिसतं, आणि असं म्हणताना त्यांनी एव्हिसकडे पाहिलं.

कारण गोष्ट एव्हिसचीच होती. पार्क बघायला येणाऱ्यांना जी घडीपत्रिका देतात, तिच्यात ती छापलेली होती. तिचे वडील हर्बर्ट गॅरड इथले शेवटचे मुख्य घोडेवान. एकोणीसशे छप्पनच्या सप्टेंबरात पार्कने सगळे घोडे विकले. खाटकाची लॉरी आली. सातही घोडे याच कमानीच्या आतल्या बाजूला येऊन उभे राहिले आणि अडीच तास बाहेर पडले नाहीत. काठ्या आपटल्या, चंदीची बादली दाखवली, उपयोग झाला नाही. बारा वर्षांची एव्हिस पाण्याच्या पंपाशेजारी उभी राहून बघत होती. "त्यांना कळलं होतं," असं ती गोष्टीच्या शेवटी म्हणायची. ऐकणारी माणसं गप्प व्हायची. तीही तिथेच थांबायची. त्यानंतर वडील स्वतः आत गेले, त्यांनी घोड्यांना हाताने धरून बाहेर आणलं आणि फळीवरून लॉरीत चढवलं, एवढं मात्र ती कधी सांगत नसे.

"ब्रॅगला आण बघू," ती आता रोवेनाला म्हणाली.

ब्रॅग आला. दोन हातांवर थांबला. पाय रोवले, मान काढली, नाकपुड्या फुलवल्या, मिटल्या.

एव्हिस उठली. आधार ढकलत ती कमानीपाशी गेली आणि दोन्ही घोड्यांकडे तोंड करून उभी राहिली. बराच वेळ. पेटिफर काहीतरी विचारायला आले होते. ते तसेच मागे सरकले.

तिने हेच पाहिलं होतं. हीच मान, हेच नाक. जेम घोडीची मान सर्वांत पुढे होती, तिच्यामागे स्मायलर. सदुसष्ट वर्षं ती डोळे मिटल्यावर बघत होती, ते आज डोळ्यांसमोर उभं होतं. ते घोडे बाहेर पडायला तयार नव्हते. हे आत यायला तयार नाहीत. ते मरायला निघाले होते, आणि यांच्यासाठी आत गवत पसरलेलं आहे, कोपऱ्यात मिठाचा खडा टांगलेला आहे.

"कुठली गं तू?" तिने ओपलला विचारलं. "तुला काय कळलंय?"

ओपलने कान हलवला. ती एव्हिसकडे बघतच नव्हती. खाली जाळीकडेही नाही, आत दिव्यांकडेही नाही. तिचं सगळं लक्ष नाकात होतं, आणि नाक उजव्या खांबाकडे होतं.

एव्हिसने खांबाला नाक लावलं. तिला नव्या रंगाचा वास आला आणि त्यामागे साबणाचा. कमानीचे खांब साबणाने कोण धुतं? तिने वळून पाहिलं. बाकावर पर्सी खाली मान घालून टोपीचा काठ बोटांनी चाचपत होता. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की राजघराण्यापासून बटाट्याच्या किडीपर्यंत सगळ्यावर मत असणारा हा माणूस तीन दिवसांत घोडी का अडते याबद्दल एक शब्द बोललेला नाही.

"पर्सी," ती म्हणाली, "चहाला चल."

"आत्ता? अजून अकरा नाही वाजले."

"चल म्हणते ना."

स्वयंपाकघरात तिने किटली ठेवली, दोन कप मांडले आणि त्याच्यासमोर बसली. पर्सीने बिस्किटांचा डबा स्वतःच उघडला. तो या घरात पस्तीस वर्षं येत होता. आधी तिच्या नवऱ्याशी पत्ते खेळायला, तो गेल्यावर गटार तुंबलं की.

"काय केलंस?"

"दोनच घेतली."

"कमानीला काय केलंस?"

पर्सीने बिस्किट बशीत ठेवलं. त्याचे कान लाल झाले. या वयातही माणसाचे कान लाल होतात, याचं एव्हिसला नवल वाटलं.

"मला बघायचं होतं," तो म्हणाला. "सदुसष्ट वर्षं बघायचं होतं. पण बघणार कशावर? घोडाच नव्हता."

"काय बघायचं होतं?"

"खरं की खोटं ते." त्याने चहा ढवळला, साखर न घालताच. "रविवारी चर्चच्या रस्त्यावर स्टोट, तो मुंगसासारखा सशांचा काळ, मरून पडला होता. गाडीखाली आलेला, ताजा. म्हटलं, पर्सी, पुढच्या रविवारी तू असशील नसशील. काढलं त्याचं काळीज आणि चोळलं खांबांना. खालून वर, दोन बोटं रुंद. दोन्ही बाजूंना. बस्स. मला वाटलं, घोडी जरा बिचकेल, मी मनात म्हणेन, हं, खरं होतं तर, आणि ती जाईल आत."

"आणि ती गेली नाही."

"सोमवारी संध्याकाळी साबणाने धुतलं. मंगळवारी सोड्याने. आज पहाटे ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसलो होतो. पाद्रीणबाईंनी लांबून पाहिलं आणि हात हलवला. त्यांना वाटलं, म्हातारा शेवटी देवाला लागला."

एव्हिसला हसू आलं नाही. "त्या मुलीचं सगळं जाणार आहे, पर्सी. शुक्रवारी. तू तिला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? जन्मभर घोड्यांना हिणवलं. आता कोण म्हणेल, याला नुसतं बघायचं होतं? म्हणतील, ट्रॅक्टरवाल्याने डाव साधला." तो थांबला. "आणि ते सांगायचं, तर दुसरंही सांगावं लागतं."

किटलीचा आवाज थांबला होता. बाहेर कुणीतरी गाडी वळवत होतं.

"हे तुला कुणी शिकवलं?" एव्हिसने विचारलं.

"कुणी नाही. घोडेवान कुणाला शिकवतात? आपल्या पोटच्या पोराला सांगायचे नाहीत, तो पागेत लागेपर्यंत. दाराला आतून कडी लावून सांगायचे. लोकांना वाटायचं, जादू करतात. तुमचा टेड काका, तोही पागेतलाच, एकदा दारूत अर्धंमुर्धं बरळला होता, स्टोटचं काळीज, सशाचं काळीज, घोड्याला तो वास सहन होत नाही, त्याच्यापुढे एक पाऊल टाकत नाही. बाकीचं मी बघितलं."

"कधी?"

पर्सीने तिच्याकडे पाहिलं. "तुला माहीत आहे कधी."

तिने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"मला बोलावलं होतं त्या दिवशी," पर्सी म्हणाला. "तू पंपाजवळ होतीस, तुला आठवत असेल, ट्रॅक्टर घेऊन आलो ते. अठराचा होतो. नवा कोरा ट्रॅक्टर, आणि माझ्याएवढा शहाणा माणूस इंग्लंडात नव्हता. लॉरीवाल्याची माणसं दमली होती. त्यांनी ठरवलं, जेमच्या पायाला साखळी बांधायची आणि ट्रॅक्टरने ओढायची. ती पडली की बाकीचे घाबरून निघतील. मग ती मंडळी लॉरीमागे चहा प्यायला गेली आणि तुला तुझ्या आईने घरात बोलावलं. तुझे वडील माझ्याकडे आले. त्यांनी साखळीकडे पाहिलं. म्हणाले, 'पर्सी, इंजिन बंद कर. येतील ते.' एवढंच. घरी गेले आणि दुधाचा जग घेऊन आले."

"दुधाचा," एव्हिस म्हणाली.

"दूध आणि फडकं. कमानीचे खांब पुसले. खालून वर, दोन्ही बाजू. मी ट्रॅक्टरवर उंच बसलेलो, मला सगळं दिसत होतं. मग हात धुतले, त्याच दुधाने. मग आत गेले." तो जरा थांबला. "मी म्हणायचो, अशा वेळी हा माणूस भिंती काय पुसतोय? टेड काकाचं बोलणं ऐकल्यावर डोक्यात जुळलं. पण खात्री कुठे होती? दुधाचं तर वाटलं, हाताशी होतं म्हणून घेतलं असेल, साबण त्याहून बरा. म्हणून म्हटलं ना, बघायचं होतं."

एव्हिस खिडकीकडे बघत होती. त्या दिवशी दुपारी घरात दूध नव्हतं. आईने भाताची खीर करायला घेतली होती आणि जग जागेवर नव्हता. रात्रीच्या जेवणाला आईने विचारलं, तेव्हा वडील म्हणाले, सांडलं. एव्हिसला वाटलं होतं, सात घोडे लॉरीत चढवून आलेला माणूस दूध सांडल्याचं इतक्या शांतपणे कसं सांगतो. त्यांच्याविरुद्ध तिने मनात जी यादी केली, तिच्यात दूधही होतं.

"म्हणजे त्यांना अडवलं होतं बाबांनीच."

"दुसरं कोण? सात घोडे एकाच रेषेवर थांबतात होय आपले आपण?"

"पण कशासाठी? आज ना उद्या ते जाणारच होते."

"पार्कच्या मालकीणबाई दुपारच्या गाडीने लंडनहून यायच्या होत्या. जेमच्या आईला त्यांनी स्वतःच्या हाताने बाटलीने दूध पाजलं होतं, ती शिंगरू असताना. मला वाटतं, तुझे वडील वेळ काढत होते. बाईंनी येऊन एकदा डोळ्यांनी बघावं, मग काय ते ठरवावं." पर्सीने खांदे उडवले. "बाई दुसऱ्या दिवशी आल्या. आणि त्याच्या आधी मी आलो, साखळी घेऊन."

 पर्सीने थंड झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

एव्हिसचं लग्न वेंडलमच्या चर्चमध्ये झालं, तेव्हा तिचा हात धरून तिला वेदीपर्यंत टेड काकांनी नेलं होतं. लोकांनी विचारलं, तर तिने सांगितलं, बाबांचा गुडघा दुखतो. गुडघा खरंच दुखायचा. ते नवी टाय बांधून तिसऱ्या बाकावर बसले होते. पुढे ते पंचवीस वर्षं जगले, पार्कात गवत कापायचं काम करत. ती दर रविवारी त्यांना जेवायला वाढायची आणि त्यांच्याशी हवामानाबद्दल बोलायची.

"लग्नात तू त्यांच्या शेजारी बसला होतास," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हा तरी सांगायचंस मला."

"सांगणार होतो. चर्चबाहेरच. तू आत यायच्या आधी उठलो पण होतो." पर्सी बिस्किटाचा चुरा बोटाने गोळा करत होता. "त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि मला खाली बसवलं. बोलले काहीच नाहीत. मला वाटलं, घोडेवानाचं गुपित, म्हणून असेल."

एव्हिस उठली आणि कप धुऊ लागली. दोनच होते, ते तिने दोनदा धुतले. तिला राणीच्या रौप्य ज्युबिलीचं वर्ष आठवत होतं. गावच्या सभागृहात तिने सगळ्यांसमोर ती गोष्ट सांगितली होती. वडील मागच्या भिंतीला टेकून उभे होते. "त्यांना कळलं होतं," असं ती म्हणाली, तेव्हा सगळं सभागृह गप्प झालं आणि तिने पाहिलं, वडील आपल्या बुटांकडे बघत मान हलवत होते. हो म्हणत होते. तिला तेव्हा ते मान्य करणं वाटलं होतं, गुन्हा कबूल करावा तसं.

ते तेव्हा एका वाक्यात सांगू शकले असते. घोड्यांना काही कळलं नव्हतं, पोरी, ते चंदीला जावं तसे गेले असते. एवढं म्हणाले असते, तर तिच्याकडे वडील परत आले असते. आणि सात घोडे काही न कळता लॉरीत चढले असते, दर वेळी, तिने डोळे मिटले की. ते तिला दिसू नये म्हणून ते गप्प राहिले होते.

तिने नळ बंद केला.

"साबणाने न गेलेला वास दुधाने जाईल. उद्या सकाळी दूध घेऊन ये," ती म्हणाली. "दोन बाटल्या. सायीचं."

"दुकानात हल्ली लोक पाण्यासारखंच घेतात. हिरव्या झाकणाचं."

"निळ्या झाकणाचं आण. आणि फडकं आण स्वच्छ, तुझ्या गॅरेजमधलं नको."

गुरुवारी सकाळी आठला पार्कात दव होतं आणि हरणं अजून ओकांखाली बसलेली होती. एव्हिसला गुडघ्यांवर बसता येत नव्हतं, म्हणून पर्सी बसला.

"खालून वर," ती म्हणाली.

"माहीत आहे मला. बघितलंय मी."

"बघितलंस एकदा, तेही लांबून. कोपरा राहिला. विटेच्या खाचेत घाल बोट."

"तुझ्या पोस्टात लोक रांगेत का रडायचे, ते आज कळलं."

दोन्ही खांब पुसून झाले. तिने त्याला हात पुढे करायला सांगितले आणि उरलेलं दूध त्याच्या हातांवर ओतलं, मग स्वतःच्या. दूध थंड होतं. विटांवरून ओघळ खाली आले आणि खडीत जिरले. तो पांढरा ओला पट्टा वाळेपर्यंत दोघं बाकावर बसून राहिली. पर्सी म्हणाला, मी त्या मुलीची माफी मागेन, शब्दही तयार केलेत. एव्हिस म्हणाली, आधी घोडी.

नऊ वाजता रोवेना आली. ती रात्री झोपली नव्हती हे दिसत होतं. तिने जाकिटाची बटणं एक सोडून एक लावली होती. ओपल तिच्यामागे मान खाली घालून चालत होती.

"कशाला पण?" रोवेना म्हणाली. "मी पेटिफरसाहेबांना फोन करते. उद्यापर्यंत ताटकळण्यात काय अर्थ आहे? नाही म्हणते ती, तर नाही."

"एकदा विचार," एव्हिस म्हणाली. "आज म्हणेल ती हो."

रोवेनाने खांदे उडवले. घोडीच्या मानेवर तळवा ठेवला. "चल."

ओपल कमानीपासून दोन हातांवर आली. तिची गती कमी झाली. मान पुढे झाली, नाकपुड्या फुलल्या. पर्सीने टोपी मुठीत चुरगळली. घोडीने उजव्या खांबाला नाक लावलं, मग, सावकाश, जीभ बाहेर काढून विटेवर एकदा फिरवली. तिला काय चव लागली कोण जाणे. तिने वरचा ओठ उचलला, फुरफुर केली आणि आत गेली. खुरांचा आवाज खडीवरून दगडी फरशीवर गेला आणि एकदम मोठा झाला. तो आवाज त्या पागेत सदुसष्ट वर्षांनी झाला होता. एव्हिसने आधाराच्या मुठी घट्ट धरल्या.

 रोवेनाने घोडी ठाणावर बांधली, पळत जाऊन ब्रॅगला आणलं. तोही आत गेला. त्याने थांबून खांब हुंगलासुद्धा नाही. ओपल आत आहे, एवढं त्याला पुरलं. मग तिने दोघांना चंदी घातली आणि मग, भिंतीला पाठ लावून, खाली गवतावर बसली आणि बाहीने नाक पुसलं.

एव्हिस आणि पर्सी आत आले. आत रंगाचा, गवताचा आणि ऊन घोड्यांचा वास होता.

"खरं सांगा, मिसेस केरिज," रोवेना म्हणाली. "तुम्ही काल त्यांच्यासमोर उभ्या राहिलात ना, तेव्हाच त्यांना काहीतरी कळलं. हे घर कुणाचं आहे ते. तुमच्या वडिलांच्या घोड्यांना कळलं होतं, तसं." ती हसत होती आणि तिचे डोळे भरलेले होते. "मी पत्रिकेत वाचलं ते तेव्हाच ठरवलं होतं, इथे यायचं म्हणून. असे घोडे जिथे होते तिथे."

पर्सीने घसा खाकरला.

एव्हिसने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती ओपलच्या पुठ्ठ्याकडे बघत होती. खरारा केलेली कातडी उन्हाच्या तिरिपेत तांब्याच्या भांड्यासारखी चमकत होती. ही मुलगी त्या गोष्टीवर विश्वास ठेवून आपली जागा सोडून आली होती. गोष्ट चांगली होती. लोक गप्प व्हायचे.

"नाही," एव्हिस म्हणाली. "त्यांना काही कळलं नव्हतं. लॉरी म्हणजे त्यांना लॉरी. कळलं होतं ते माझ्या वडिलांना."

रोवेनाने डोळे पुसले. "म्हणजे?"

एव्हिसने आधार पुढे ढकलला आणि चंदीच्या पेटाऱ्यावर बसली. बसायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "पर्सी, तू बाहेर जा."

"मी? अगं, मीच तर तुला—"

"तू ट्रॅक्टरवाला आहेस. बाहेर जा."

पर्सीने तोंड उघडलं. एव्हिसकडे पाहिलं, गवतावर बसलेल्या रोवेनाकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. त्याने टोपी झटकली, डोक्यावर नीट बसवली आणि तो बाहेर गेला.

"दार लाव," एव्हिस रोवेनाला म्हणाली. "आतून."

कडी लागल्याचा आवाज पर्सीने बाहेरून ऐकला. तो कमानीखाली, दुधाच्या दोन रिकाम्या बाटल्यांपाशी, बराच वेळ उभा होता. आतून शब्द ऐकू येत नव्हते. दोन घोडे चंदी चावत होते, तेवढं येत होतं.